शाळेत नुसतं खेळवतात का? बालवर्गातल्या सवडीचा हिशेब

जूनमध्ये बालवर्ग सुरू होतात आणि गणपती जवळ आले की शाळेच्या फाटकापाशी तोच संवाद ऐकू येतो. "बाई, अजून वहीत काही दिसत नाही." "दिसेल हो, सध्या तो छान रमलाय." "रमलाय ते बरंच आहे, पण शिकतोय काय? माझ्या जावेची मुलगी एबीसीडी पूर्ण लिहिते." बाई हसतात. आई हसत नाही.

आईचा प्रश्न रास्त आहे. बालवर्गाची फी आता काही ठिकाणी कॉलेजच्या फीला लाजवते. एवढे पैसे मोजून मूल दोन तास वाळूत बसत असेल, तर विचारणारच कुणीही. त्यात गेली काही वर्षं सरकारी कागदपत्रांचाही सूर बदललाय. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, त्यामागून ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेला लहान मुलांसाठीचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आणि २०२५-२६ पासून महाराष्ट्रात पहिलीला लागू झालेला नवा अभ्यासक्रम, सगळीकडे खेळ, शोध, अनुभव हेच शब्द. २०२५ च्या एप्रिल ते जूनमध्ये पहिलीपासून तिसरी भाषा असावी की नसावी यावरून राज्यात जो गदारोळ झाला, त्यातही भाषेच्या राजकारणाखाली हाच मुद्दा दबलेला होता: सहा वर्षांच्या मुलावर एका वेळी किती लादायचं?

लहान मुलांना शाळेत घाई नको, हे म्हणायला सोपं आहे. त्यामागचं कारण मात्र क्वचितच कुणी नीट उलगडून सांगतं.

आधी पाया म्हणजे कुठवर?

नव्या रचनेत तीन ते आठ या वयाला 'पायाभूत स्तर' म्हणतात. त्यात बालवाडीची किंवा अंगणवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी अशी मिळून पाच वर्षं येतात. कागदावर किरकोळ वाटणारा हा बदल बराच मोठा आहे. आजवर पहिली हा उंबरठा होता. त्याच्या अलीकडे खेळ, पलीकडे अभ्यास. आता तो उंबरठा काढून टाकलाय. पहिली-दुसरी बालवाडीसारखी व्हावी अशी त्यामागची कल्पना. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी उलटं घडतंय आणि बालवाडीच पहिलीसारखी व्हायला लागलीय. छोट्या गटातल्या मुलांना गृहपाठ, मोठ्या गटाला साप्ताहिक चाचणी.

आराखडा याबाबत अगदी स्पष्ट आहे. तीन ते सहा या वयात पाठ्यपुस्तक नको, परीक्षा नको. मूल काय करतं ते शिक्षकाने बघावं, टिपून ठेवावं, त्याने काढलेलं, बनवलेलं जपून ठेवावं, हेच मूल्यमापन. २०२० च्या दप्तर धोरणातही बालवर्गाला दप्तर नाही आणि दुसरीपर्यंत गृहपाठ नाही असं म्हटलंय. ज्या शाळांच्या दारात तीन-चार वर्षांची पोरं पाठीवर चाकांची बॅग घेऊन उतरतात, तिथे हे कुणी वाचलंय की नाही कोण जाणे.

सवड म्हणजे नक्की काय?

सवड म्हणजे मोकळा तास नव्हे. शिक्षक रजेवर असल्यावर मिळतो तो मोकळा तास. मुलाने हाती घेतलेली गोष्ट त्याच्या गतीने पुरी करण्याइतका सलग वेळ, म्हणजे सवड. यातला 'सलग' हा शब्द महत्त्वाचा.

चांगल्या बालवाडीत पाण्याचा एक कोपरा असतो. एक टब, त्यात पळी, गडू, फुलपात्र, नरसाळं, औषधाची रिकामी बाटली. चार वर्षांची मुलगी तिथे येऊन बसते. पहिली पाच-सात मिनिटं ती नुसतं पाणी थापटते, बाही भिजवते, शेजारच्याकडे बघून हसते. लांबून बघणाऱ्याला वाटेल, वेळ वाया चाललाय. मग ती पळीने बाटलीत पाणी घालायला लागते आणि निम्मं सांडतं. बाटलीचं तोंड बारीक आहे हे तिला कळलंय, पण नरसाळं कशाला असतं हे अजून नाही. ती नरसाळं आधी उलटं लावून बघते. पाणी ओघळून जातं. ती पुन्हा तसंच करते. तिसऱ्या-चौथ्या खेपेला ते सुलट होतं, बाटली भरते, आणि ती भरलेली बाटली फुलपात्रात रिकामी करते. फुलपात्र भरून ओसंडतं. ती थांबते, बाटलीकडे बघते, फुलपात्राकडे बघते. मग गडू घेते.

इथवर यायला पंचवीस मिनिटं लागलीत. आता ती ज्या टप्प्यावर आहे त्याला मोठ्यांच्या भाषेत आकारमान म्हणतात, आणि नेमक्या याच वेळी घंटा होते. चला, हात पुसा, आता इंग्लिश राइम्स.

विरजण लावलेलं भांडं दर थोड्या वेळाने हलवून बघितलं तर दही लागत नाही, विरजण कितीही चांगलं असलं तरी. वीस-पंचवीस मिनिटांच्या तासिकांचं वेळापत्रक बालवर्गात नेमकं हेच करतं. प्रत्येक तासिकेत काहीतरी 'घेतलं' जातं, वहीत नोंद होते, पालकांच्या ग्रुपवर फोटो पडतो. मूल मात्र कुठल्याच गोष्टीच्या तळाशी पोचत नाही. हळूहळू त्याला त्याची सवय होते. घंटा होणारच आहे, तर खोलात कशाला शिरायचं? पुढे सातवी-आठवीत याच मुलांबद्दल आपण तक्रार करतो की एका जागी दहा मिनिटं बसवत नाही, आणि खापर फोडतो एकट्या मोबाईलवर.

बरं, पण यात शिक्षण कुठे आलं?

तीन ठिकाणी. त्यातलं पहिलं डोळ्यांना दिसत नाही म्हणूनच दुर्लक्षित राहतं.

मानसशास्त्रात 'कार्यकारी क्षमता' नावाची एक कल्पना आहे. सोप्या शब्दांत सांगायचं तर आपणच आपल्या मनाला कामाला लावण्याची ताकद. तिच्यात तीन गोष्टी येतात: हातातल्या कामाची सूत्रं डोक्यात धरून ठेवणं, मनात आलेली पहिली उर्मी आवरणं, आणि एक युक्ती फसली की दुसरी काढणं. पाण्याच्या टबापाशी बसलेल्या मुलीने अर्ध्या तासात या तिन्ही गोष्टी केल्या. हीच क्षमता पुढे गणिताचं लांबलचक उदाहरण सोडवताना लागते, धडा वाचताना लागते, भांडण झाल्यावर हात आवरतानाही लागते. ती सांगून येत नाही. स्वतः काही ठरवणं, ते करताना अडणं आणि पुन्हा करणं, यातूनच ती वाढते. प्रत्येक पाऊल बाईंनी सांगायचं आणि मुलांनी गिरवायचं अशा वर्गात ठरवण्याचं काम बाईच करतात, त्यामुळे सराव बाईंचाच होतो.

दुसरं म्हणजे संकल्पना. चार वर्षांचं मूल शंभरपर्यंत अंक घडाघडा म्हणतं तेव्हा घरात कौतुक होतं. त्याच मुलापुढे चिंचोक्यांचा ढीग ठेवा आणि म्हणा, "मला यातले सात दे." पुष्कळदा ते मूठभर उचलून देतं, किंवा मोजायला लागतं आणि सातावर थांबायचं विसरतं. अंकांची माळ म्हणणं वेगळं, आणि 'सात' ही एका गटाची गोष्ट आहे हे उमगणं वेगळं. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांचा एक जुना प्रयोग कुणालाही घरी करून बघता येतो. सहा नाण्यांच्या दोन ओळी समोरासमोर मांडा. मूल म्हणेल, सारख्याच आहेत. आता एक ओळ त्याच्यासमोरच थोडी पसरवा, नाणं एकही वाढवू नका. चार-पाच वर्षांचं मूल बहुधा म्हणतं, "या ओळीत जास्त आहेत." तुम्ही समजावून सांगा, ते मान डोलावेल आणि पुन्हा तेच उत्तर देईल. हे शिकवण्यातलं न्यून नव्हे. हाताळून, मांडून, मोडून शेकडो वेळा बघितल्यावर एक दिवस मुलालाच ते उघड वाटायला लागतं, आणि मग तेच आपल्याला वेड्यात काढतं.

मराठी मुलांच्या वाट्याला इथे एक जास्तीची अडचण आहे. आपले दोन अंकी संख्यांचे उच्चार अवघड आहेत. लिहिताना पाच आधी आणि तीन नंतर, बोलताना त्रेपन्न. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' अशी वाचनाची पद्धत दिली, तेव्हा विधानसभेपासून समाजमाध्यमांपर्यंत टिंगल झाली. समितीच्या प्रमुख गणितज्ञ मंगला नारळीकर होत्या. मुलांना संख्येची रचना कळावी, पाठांतराची धास्ती कमी व्हावी एवढाच त्यांचा हेतू होता. पद्धत पटो न पटो, दुसरीतल्या मुलाला संख्यावाचन जड जातं हे तरी त्यानिमित्ताने चव्हाट्यावर आलं.

तिसरं, हात. मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मतः ती कूर्चेची असतात आणि एकेक करत त्यांचं हाड बनतं. तीन वर्षांच्या मुलाच्या एक्स-रेत साधारण तीनच दिसतात, आठवं दिसायला आठ ते बारा वर्षं लागतात. काही जण एवढ्यावरूनच 'म्हणून लिहायला लावू नका' असा निष्कर्ष काढतात, तो मला उतावळा वाटतो. लिहिण्याचा संबंध हाडांइतकाच, किंबहुना जास्त, स्नायूंच्या ताब्याशी आणि डोळा-हाताच्या मेळाशी आहे. पण तो मेळ कशाने येतो? माती मळणं, मटार सोलणं, मणी ओवणं, कागद फाडणं, रांगोळीची चिमूट सोडणं, झाडावर लोंबकळणं. खांदा आणि मनगट तयार नसताना चाररेघी वहीत अक्षर बसवायला लावलं की मूल पेन्सिल मुठीत आवळतं, मान वाकडी करतं आणि अर्ध्या पानात कंटाळतं. पुढे आपण त्याला 'लिखाणाचा आळशी' ठरवतो.

हे परदेशी फॅड तर नाही?

हा आक्षेप महाराष्ट्रात तरी कुणी घेऊ नये. ताराबाई मोडक भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करत होत्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला, म्हणजे इटलीच्या बालशिक्षणतज्ज्ञ मारिया मॉन्टेसरी स्वतः भारतात आल्या त्याच्या तेरा वर्षं आधी. १९४५ मध्ये ताराबाई ठाणे जिल्ह्यातल्या (आताच्या पालघरमधल्या) बोर्डीला गेल्या. तिथेच अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे १९५७ पासून कोसबादच्या टेकडीवर काम सुरू झालं.

मॉन्टेसरी पद्धतीचा गाभा त्यांनी उचलला: मुलाला साधन निवडू द्या, त्याला सलग वेळ द्या, काम चालू असताना मध्ये पडू नका. मॉन्टेसरी वर्गात आजही सुमारे तीन तासांचा अखंड कामाचा वेळ हा आदर्श मानतात. पण रोमहून आलेली पॉलिश केलेली लाकडी साधनं बोर्डीला कुठून परवडणार? त्यांच्या जागी शिंपले, बिया, पानं, खडे, बांबूच्या नळ्या आल्या. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच वस्तीतल्या अंगणात भरवली. अंगणवाडी ती हीच. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने ते नाव देशभर नेलं. कोसबादला वारली मुलं सकाळी गुरं घेऊन जायची म्हणून शाळा कुरणात गेली, तिला कुरणशाळा म्हणत. शाळेने मुलाच्या वेळेशी जुळवून घ्यायचं, ही गोष्ट आपल्याकडे धोरणाच्या साठएक वर्षं आधी एका टेकडीवर करून दाखवली गेली होती.

"मेंदू सहा वर्षांत वाढतो म्हणतात. मग आत्ताच भरून घ्यायला नको?"

मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ सहाव्या वर्षाच्या आत होते, हे वाक्य खुद्द राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात आहे. तिथून ते प्ले-स्कूलच्या फलकांवर, अबॅकसच्या जाहिरातींत आणि 'तीन वर्षांच्या मुलाला दोनशे देशांच्या राजधान्या' शिकवणाऱ्या व्हिडिओंत पोचलं. ऐकणाऱ्याला वाटतं, मेंदू ही कोठी आहे आणि तिचं दार सहाव्या वाढदिवसाला बंद होणार.

वाढ होते ती जोडण्यांची. चेतापेशी एकमेकींशी जोडल्या जातात, वापरात असलेल्या जोडण्या पक्क्या होतात, बाकीच्या गळतात. त्या पक्क्या होतात त्या बोलण्या-ऐकण्याने, हालचालीने, माणसांच्या सहवासाने, पुरेशा झोपेने. राजधान्या पाठ करून त्यात फारशी भर पडत नाही. पंधराव्या वर्षी त्या एका संध्याकाळी पाठ होतात.

झोपेचा विषय निघालाच आहे तर, फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला. मुलांची झोप होत नाही हे त्यामागचं कारण होतं. विरोध लगेच झाला: दोन पाळ्यांच्या शाळांनी केला, बसवाल्यांनी केला आणि नोकरीच्या वेळेमुळे पालकांनीही केला. यातली एकही तक्रार खोटी नव्हती. पण प्रत्येक तक्रार मोठ्यांच्या सोयीची होती, हेही खरंच.

"आमचं मूल मागे पडेल"

ही भीती सगळ्यात खोल आहे, म्हणून इथे थोडं सावकाश जाऊ या.

न्यूझीलंडमध्ये मुलं साधारण पाचव्या वर्षी वाचन शिकायला लागतात, तर तिथल्याच काही शाळांत सातव्या वर्षी. सेबास्टियन सुगेट आणि सहकाऱ्यांनी या दोन गटांची तुलना केली. अकराव्या वर्षाच्या आसपास वाचनाच्या वेगातला फरक पुसला गेला होता, उलट उशिरा सुरू केलेल्यांचं आकलन किंचित सरस निघालं. लगेच टाळ्या पिटू नयेत. अभ्यास छोटा होता, उशिरा शिकवणाऱ्या शाळा निवडणारे पालक वेगळ्या धाटणीचे असतात, आणि त्या घरांत पुस्तकांची वानवा नव्हती. तरी त्यातून एवढं म्हणता येतं की पाचव्या वर्षी वाचणारं मूल अकराव्या वर्षीही पुढेच असेल, हे गृहीत धरता येत नाही.

दुसरा अभ्यास अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातला, जास्त अस्वस्थ करणारा. तिथल्या सरकारी बालवर्गांना जागांपेक्षा अर्ज जास्त आले, म्हणून सोडत काढली. त्यामुळे प्रवेश मिळालेली आणि न मिळालेली अशी सुमारे तीन हजार गरीब घरांतली मुलं तुलनेला मिळाली. सुरुवातीला बालवर्गातली मुलं पुढे होती. २०२२ मध्ये सहावीपर्यंतचे निकाल प्रसिद्ध झाले तेव्हा तीच मुलं चाचण्यांत मागे पडली होती आणि त्यांच्याविरुद्ध शिस्तीच्या तक्रारीही जास्त होत्या. संशोधकांपैकी डेल फॅरन यांनी त्यानंतर बोट ठेवलं ते वर्गांच्या स्वरूपावर: बाई बोलणार, अख्खा वर्ग ऐकणार, आणि मुलांच्या निवडीला, खेळाला फार थोडी जागा. कारण हेच, असं या अभ्यासाने सिद्ध होत नाही. मात्र 'बालवर्ग आहे' एवढ्याने भागत नाही हे नक्की दिसतं.

याउलट, त्याच देशात मिशिगनमधल्या इप्सिलान्टी गावी १९६२ ते १९६७ मध्ये पेरी बालवाडीचा प्रयोग झाला. १२३ मुलं, पैकी ५८ बालवाडीत. या प्रयोगातून पुढे आलेल्या पद्धतीत मूल आधी काय करणार ते सांगतं, मग ते करतं, शेवटी काय झालं ते सांगतं. ही मुलं चाळिशीची होईपर्यंत त्यांचा माग ठेवला गेला. बालवाडीत गेलेल्यांची कमाई जास्त होती, अटकेचं प्रमाण कमी होतं. बुद्ध्यांकात सुरुवातीला दिसलेली आघाडी मात्र काही वर्षांतच विरून गेली होती. म्हणजे जे टिकलं ते वहीत दिसणारं नव्हतं.

आणि पहिलीच्या प्रवेशाची धास्ती असेल तर: शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ नुसार प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावता येत नाही. पहिल्या खेपेला २५ हजार, पुढे दर खेपेला ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. 'इंटरअॅक्शन' असं नाव बदलून मुलाखत घेतात, ती पळवाट सगळ्यांना ठाऊक आहे.

"तिसरीतल्या पोरांना वाचता येत नाही, आणि तुम्ही सवड म्हणता?"

असर या पाहणीनुसार २०२४ मध्ये ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी २७.१ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता. चारांतल्या जवळजवळ तिघांना नाही. हा आकडा समोर असताना खेळाचं कौतुक ऐकून एखाद्या शिक्षकाचं डोकं फिरलं तर नवल नाही.

पण या आकड्यामागेही घाईच आहे. आपल्याकडे पहिलीचं पुस्तक जूनमध्ये सुरू होतं आणि मार्चमध्ये संपतं, मूल कुठेही असो. ऑगस्टमध्ये ज्याला अजून 'म' आणि 'भ' वेगळे दिसत नाहीत, त्याच्यासाठी पुस्तक थांबत नाही. दुसरीत ते आणखी पुढे जातं. तिसरीत मूल मागच्या बाकावर बसून फळ्यावरचं 'चित्र' उतरवून काढतं, वाचता न येताही त्याची वही पूर्ण असते.

शिवाय देवनागरी सावकाश शिकायची लिपी आहे. इंग्रजीत २६ अक्षरांचे मोठे-छोटे मिळून ५२ आकार आले की अक्षरं संपली, पुढची लढाई स्पेलिंगची. आपल्याकडे तीसहून अधिक व्यंजनं, प्रत्येकाची बाराखडी, म्हणजे चारशेवर आकार, शिवाय जोडाक्षरं. पहिलीच्या दिवाळीपर्यंत हे सगळं उरकण्याचा हट्ट धरला तर पाठांतर होतं, वाचन होत नाही.

इथे सवडीच्या बाजूच्यांनाही दोन शब्द सुनवले पाहिजेत. वाचन हे चालण्या-बोलण्यासारखं आपोआप येत नाही. सहाच्या पुढे अक्षर आणि ध्वनी यांची सांगड पद्धतशीर शिकवावी लागते, रोज शिकवावी लागते. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं असं लक्ष्य निपुण भारत अभियानाने २०२६-२७ साठी ठेवलंय, आणि ते योग्यच आहे. गोष्टी ऐकणं, गाणी, शब्दखेळ, 'क ने सुरू होणाऱ्या वस्तू आणा' असले उद्योग बालवाडीत भरपूर झालेले असतील तर पहिलीतलं अक्षरशिक्षण भराभर पुढे सरकतं.

चाळीस मुलं आणि एक बाई

प्राथमिकला कायद्याने तीस मुलांमागे एक शिक्षक आहे. बालवर्गाला मात्र हा नियम लागू नाही, कारण शिक्षण हक्क कायदा मुख्यतः सहा ते चौदा वयासाठी आहे. त्यामुळे गल्लीबोळातल्या प्ले-स्कूलमध्ये एका खोलीत किती मुलं बसवायची, बाईंचं प्रशिक्षण किती, हे बरंचसं चालकाच्या मर्जीवर. चाळीस मुलांना एकाच वेळी गिरवायला बसवता येतं, चाळीस मुलांपुढे पाण्याचा टब ठेवता येत नाही. गिरवणं लोकप्रिय आहे त्याचं हे एक साधं कारण, ते स्वस्त पडतं.

अंगणवाडीची कथा वेगळी. तिथे मुलं बहुधा थोडी असतात, पण सेविकाताईंनाच सवड नसते. आहार, वजन-उंची, लसीकरणाची आठवण, गरोदर बायांच्या नोंदी, मोबाईलमधलं पोषण ट्रॅकर, वर कुठली ना कुठली सर्वेक्षणं. ज्या बाईच्या दिवसाचे वीस तुकडे झालेत तिने मुलांना सलग दोन तास द्यावेत ही अपेक्षा कुठल्या तोंडाने करायची? साधनांची पेटी पाठवून हा प्रश्न सुटत नाही. दुसरं माणूस नेमावं लागतं, आणि तिथेच सगळं अडतं.

सवड आणि दुर्लक्ष

'त्याच्या वेळेला येईल सगळं' हे वाक्य धोक्याचंही असू शकतं. दोन वर्षांचं होऊनही मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल, हाक मारल्यावर वळून बघत नसेल, येत असलेले शब्द विसरायला लागलं असेल, तर वाट बघायची नसते. ऐकण्याची तपासणी करायची, बालरोगतज्ज्ञांना दाखवायचं, तेही लवकर. पुढे पहिली-दुसरीत नीट शिकवूनही अक्षरं सतत निसटत असतील तर तेही बघून घ्यायचं.

वर्गातही तसंच. सवड देणारी शिक्षिका हात बांधून बसत नाही. पाण्याच्या टबापाशी ती येते, काही बोलत नाही, बारीक तोंडाची दुसरी एक बाटली तिथे ठेवून जाते. किंवा एवढंच विचारते, "आता काय करून बघशील?" कुठलं मूल चार दिवस एकाच कोपऱ्यात अडकलंय, कोण कुणाशीच खेळत नाही, कुणाला कात्री धरता येत नाही, हे तिच्या वहीत टिपलेलं असतं. हे काम फळ्यावर 'अ आ इ ई' लिहून देण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे, आणि त्याचा पगार मात्र कमी आहे.

प्रवेशाआधी काय बघायचं

माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि बालवर्गाचं वेळापत्रक मागा. तीन तासांत किती वेळा मुलांना एक सोडून दुसरं करायला लावतात ते मोजा. एक तरी तासाभराचा सलग वेळ दिसतोय का बघा. भिंतीवरची चित्रं बघा. तीसच्या तीस सफरचंदं एकसारखी, रेघेबाहेर न गेलेली असतील, तर ती बाईंची आहेत. अर्धवट राहिलेलं काम उद्यासाठी तसंच ठेवायला जागा आहे का विचारा: ठोकळ्यांचा अर्धा पूल, न वाळलेली माती. बहुतेक ठिकाणी या प्रश्नाने समोरचा माणूस गोंधळतो, कारण शाळा सुटताना वर्ग 'साफ' हवा असतो.

मुलांना वर्गात किती बोलू देतात तेही बघा, एकमेकांशी आणि घरच्या भाषेत. आणि शक्य झालं तर वर्ग चालू असताना पंधरा मिनिटं दाराशी उभं राहण्याची परवानगी मागा. काही शाळा देतात. न देणाऱ्यांनी सुरक्षेचं कारण सांगितलं तर ते मान्य करा, पण मग बाईंना भेटवा म्हणा, समुपदेशकांना किंवा प्रवेश विभागाला नव्हे, ज्या रोज वर्गात असतात त्या बाईंना. गेल्या आठवड्यात एखाद्या मुलाने काय शोधून काढलं, एवढं त्यांना विचारा.